खारा वारा आणि गेमची कॅसेट

आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर पडलेली असेल, आणि ती तिथे आहे हे घरातली मंडळी विसरूनही गेली असतील. तळहाताएवढी, बहुधा पिवळ्या रंगाची, प्लॅस्टिकची चपटी डबी; तिच्या एका तोंडाशी, आतल्या बाजूला, सोनेरी पट्ट्यांची रांग. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची ती कॅसेट. तिचे खरे नाव कार्ट्रिज. कॅसेट म्हणजे फीत असलेली डबी, आणि हिच्यात ना फीत, ना काही फिरणारे चाक. पण मुंबईपासून अंजनवेलपर्यंत साऱ्यांनी तिला कॅसेटच म्हटले, तेव्हा मीही तेच म्हणतो.

मी एम्. ए. झालेला माणूस, महाविद्यालयात इतिहास शिकवतो. असल्या विजेच्या वस्तूंवर मी बोलावे हा थोडा आगाऊपणाच. पण या बाबतीत माझ्या हातून लहानपणी एक कॅसेट कायमची बिघडली आहे, आणि ज्याने बिघडवले त्याने निदान इतरांना सांगावे, एवढाच माझा अधिकार.

गेल्या मे महिन्यात अंजनवेलला आमच्या मूळ घरी माळा आवरायला काढला. अंजनवेल म्हणजे गुहागर तालुक्यातले, वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेले गाव. खाडीपलीकडे दाभोळ, डोक्यावर गोपाळगड, आणि तिन्ही त्रिकाळ अंगावर येणारा खारा वारा. माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच कॅसेटी, दोन रिमोट आणि गेमचे यंत्र. १९९३ च्या गणपतीत माझ्या थोरल्या चुलतभावाने, आमच्या दादाने, मुंबईहून आणलेले. त्या वेळी वाडीतली निम्मी पोरे आरती संपली की आमच्या ओटीवर असायची. दादा आता नाही. डबा उघडला तो त्याच्या मुलीने, माझ्या पुतणीने. एका कॅसेटीच्या लेबलावर बॉलपेनने दादाच्या अक्षरात लिहिलेले होते : ‘टँक. दोघांनी खेळणे. भांडू नये.’

पोरीने ती कॅसेट यंत्रात खोचली, बटण दाबले. पडदा करडा झाला नि तसाच राहिला. तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘अगं, फुंक मार की आत. तुझे बाबा तसंच करायचे.’’ तिने कॅसेट तोंडाशी नेली, आणि मी जवळजवळ ओरडलोच, ‘‘थांब!’’ घरात सगळ्यांना वाटले, काकांना काय झाले!

काय झाले ते सांगण्यापूर्वी ही वस्तू आली कोठून, ते थोडक्यात सांगतो. खेळ यंत्रातून वेगळा काढून डबीत भरायचा, आणि डबी बदलली की खेळ बदलला, ही युक्ती बाजारात प्रथम आणली ती १९७६ साली फेअरचाइल्ड या अमेरिकन कंपनीने. जेरी लॉसन नावाचे कृष्णवर्णीय अभियंते त्या कामाचे प्रमुख होते. आपल्याकडे आलेली पिवळी कॅसेट मात्र जपानी वंशाची. क्योटो शहरातल्या निंटेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचे यंत्र विक्रीस काढले. ही कंपनी १८८९ साली सुरू झाली ती पत्ते छापण्यासाठी, हे ऐकून आमच्या गावच्या रमीवाल्यांना बरे वाटेल. या यंत्राच्या नकला तैवानात नि चीनमध्ये ढिगाने झाल्या. लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट यांच्या वाटेने त्या चाकरमान्यांच्या पिशव्यांतून कोकणात उतरल्या. मारिओ, काँट्रा, टँक हे खेळ तुमच्या आमच्या पोरांनी खेळले ते बहुतेक या नकलांवरच.

आता ही डबी उघडली तर आत काय दिसते? एक हिरवी किंवा तपकिरी पट्टी. अस्सल मालात तिच्यावर पाय असलेल्या काळ्या चिपा असतात; नकली मालात बहुधा डांबराच्या थेंबासारखा एक काळा टिकला असतो आणि खरी चिप त्याच्याखाली दडलेली असते. खेळ त्या चिपेत कारखान्यातच कोरलेला असतो. तो पुसत नाही, झिजत नाही. सुपर मारिओ हा सबंध खेळ अवघा चाळीस किलोबाइटांचा. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. सांगायचे एवढेच, की तीस वर्षे माळ्यावर पडलेली कॅसेट चालत नाही तेव्हा तिच्या पोटातला खेळ बहुधा शाबूत असतो. बिघडलेले असते ते तिचे तोंड.

तोंडाशी साठ पट्ट्या असतात, तीस एका बाजूला, तीस दुसऱ्या. यंत्राच्या खाचेत तेवढ्याच स्प्रिंगा, आणि प्रत्येक स्प्रिंग आपल्या पट्टीला चिमटीत धरते. यंत्र चिपेला प्रश्न विचारते : अमुक क्रमांकाच्या घरात काय आहे? पंधरा पट्ट्यांवरून तो घरक्रमांक जातो, आठ पट्ट्यांवरून उत्तर येते. सेकंदाला लक्षावधी वेळा हा पत्रव्यवहार चालतो. आता समजा, पोस्टमनच्या हातातल्या पत्रावर घरक्रमांकातला एकच आकडा पुसला गेला. तो पत्र टाकणारच, पण भलत्याच घरी! साठांतली एक पट्टी मळली की नेमके हेच होते.

इथे एक गंमत आहे आणि ती दुरुस्तीच्या उपयोगाची आहे. या यंत्रात खेळाची चाल आणि पडद्यावरची चित्रे यांचे मार्ग वेगवेगळे असतात, पट्ट्याही वेगळ्या. म्हणून संगीत वाजते आहे, गडी हलतो आहे, पण चित्रांच्या जागी अक्षरांचा नि ठिपक्यांचा काला झाला आहे, असे दिसले की चित्रांकडच्या पट्ट्या मळल्या समजावे. पडदा एकाच रंगाचा होऊन थिजला, तर चालीकडच्या पट्ट्या. आमच्या टँकचा पडदा करडा होऊन थिजला होता. रोगी बोलत नसला तरी लक्षणे सांगतो, ती अशी.

आता कोकणातला मुख्य शत्रू, खारा वारा. पट्ट्या सोनेरी दिसतात, कारण त्यांवर खरोखरच सोन्याचा मुलामा असतो. निदान चांगल्या मालात असतो. सोने गंजत नाही हे आपल्या आया-बहिणींना सांगायला नको. मग अडचण काय? अडचण जाडीची. चांगल्या कारखान्यातला हा मुलामासुद्धा एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास असतो; स्वस्त मालात त्याचाही दहावा-विसावा हिस्सा. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉनांचा. इतक्या पातळ मुलाम्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात आणि त्याखाली असते तांबे.

तांब्याचे काय होते ते कोकणातल्या घरांना ठाऊक आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते. देवघरातला तांब्या चार दिवस न घासता ठेवला की काळवंडतो, आणि ओल राहिली तर हिरवा पडतो. तोच हिरवा कळंक कॅसेटीच्या पट्टीवर छिद्रांतून वर येतो. कळंकातून वीज नीट जात नाही. त्यातच समुद्राचे मीठ. वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण घरभर येतात. आपले खडेमीठ पावसाळ्यात बरणीत पाझरते, पाहा. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळू लागते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढू लागतात. म्हणजे किनाऱ्यावर बसलेला मिठाचा थर पावसाळ्यातच नव्हे, ऐन हिवाळ्यातही पुरता कोरडा होत नाही. ओले मीठ आणि शेजारी-शेजारी दोन धातू, सोने नि तांबे, हे म्हणजे लहानशी विजेची घटमालाच झाली. तीत सोने सुखरूप राहते आणि तांबे खाल्ले जाते. पुण्याच्या माळ्यावर जी कॅसेट तीस वर्षे टिकेल तीच अंजनवेलला त्याच्या किती आधी हिरवी पडेल, याचा अंदाज आमच्या खिडक्यांचे गज पाहून करावा.

शिक्षकबंधू-भगिनींसाठी इथेच एक प्रयोग सांगून ठेवतो. पैशाचा खर्च नाही. तांब्याच्या तारेचे दोन तुकडे लिंबाने घासून लखलखीत करा, गोड्या पाण्याने धुवा, पुसा. एक कोरड्या बाटलीत बूच लावून ठेवा. दुसरा समुद्राच्या पाण्यात बुडवून उघड्यावर खिडकीत ठेवा आणि रोज एकदा पुन्हा बुडवा. दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही तुकडे बॅटरीचा सेल आणि लहान दिवा यांच्या मध्ये, हलके टेकवून, आळीपाळीने जोडा. खिडकीतल्या तुकड्यावर दिवा फडफडेल किंवा लागणारच नाही. मग तोच तुकडा जोराने घासून टेकवा आणि मुलांना विचारा, आता का लागला? या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाला आले त्याला फुंकरीचे कोडेही सुटले.

कारण कोडे हेच आहे. फुंकर मारली की कॅसेट चालते, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि जपानपासून ब्राझीलपर्यंतच्या पोरांनी पाहिले आहे. कोणी कोणाला शिकवले नाही, तरी साऱ्या जगाने फुंकले! पण नीट आठवा, फुंकण्याआधी आपण काय करत होतो? कॅसेट बाहेर काढत होतो. फुंकल्यावर? पुन्हा आत खोचत होतो. काढताना नि खोचताना स्प्रिंग पट्टीवर घासते, मळाचा थर खरवडते, कदाचित पहिल्यापेक्षा केसभर बाजूला बसते. काम केले ते या घासण्याने. श्रेय घेतले फुंकरीने. आमच्या इतिहासातही असे पुष्कळ झाले आहे, पण तो विषय आज नको.

बरे, फुंकर नुसतीच निरुपयोगी असती तरी चालले असते. ती अपायकारक आहे. आपला श्वास पाण्याच्या वाफेने जवळजवळ भरलेला असतो. आरशावर हा करून पाहा. त्याबरोबर थुंकीचे तुषार जातात आणि थुंकीतही क्षार असतात. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने जे बाहेरून चालवले आहे, तेच आपण तोंडाने आतून चालवतो. पुढे निंटेंडोनेच आपल्या ग्राहकांना बजावले की कॅसेटीत फुंकू नका. आपल्याकडच्या नकली मालाबरोबर सूचनेचा कागद येत नसे, आला तर चिनी लिपीत. तेव्हा आपल्याला ते कळायचे कसे?

आता माझे पाप सांगतो. १९९४ च्या मे महिन्यात काँट्राची कॅसेट अडू लागली. फुंकून भागेना. मी त्या वेळी चौदा वर्षांचा, आणि शाळेत सुतारकामाचा तास असे, त्यामुळे घरात पॉलिशपेपरचा तुकडा होता. मी पट्ट्या घासल्या. अहो, काय सुंदर चमकल्या! लालसर, लखलखीत. कॅसेट लगेच चालली. मी ओटीवर सर्वांना फुशारकीने सांगितले. गणपतीला दादा आला तेव्हा ती पुन्हा बंद पडली होती, आणि आता कितीही काढा-घाला, चालेना. दादाने ती उजेडाकडे धरली आणि म्हणाला, ‘‘वरचं सोनं घालवलंस की रे. हे तांबं आहे.’’ रागावला नाही. पण त्यानंतर कॅसेट अडली की तो स्वतः हातात घ्यायचा, माझ्याकडे द्यायचा नाही, आणि ते मला फार लागले होते.

तेव्हा पुतणीला थांबवले ते यासाठी. डब्यात ती काँट्राही होतीच. उजेडात धरली तर तांब्यावर हिरवे फूल आले होते आणि तीन पट्ट्या तर मुळापासून खाल्ल्या गेलेल्या.

मग साफ करायचे कसे? आमच्या महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि गुहागरातला एक मोबाइल दुरुस्त करणारा तरुण, या दोघांना मी वेगवेगळे विचारले. दोघांनी एकच सांगितले, म्हणून विश्वासाने सांगतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल नावाचा द्रव घ्यावा. मोबाइलच्या दुकानात ‘आयपीए’ म्हटले की कळते. बाटलीवर ९९ टक्के लिहिलेले पाहावे. सत्तर टक्क्यांचाही मिळतो, पण त्यात उरलेले तीस टक्के पाणी असते, आणि आपल्याला पाणीच तर नको आहे. त्याबरोबर कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. बस्स, एवढेच सामान. कोरडा दिवस निवडावा. यंत्राचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा. हात साबणाने धुऊन पुसावेत, कारण बोटांच्या घामातही मीठ असते. आणि हे काम चुलीजवळ, गॅसजवळ, देवातल्या निरांजनाजवळ मुळीच करू नये. या द्रवाची वाफ आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत पेट घेऊ शकते. खिडकी उघडी असावी, लहान मुलांच्या हाती बाटली देऊ नये.

प्रथम कोरड्या मऊ ब्रशाने तोंडातली धूळ, कोळिष्टके झाडून काढावीत. नंतर थोडा द्रव बाटलीच्या झाकणात ओतून घ्यावा. मळकी काडी पुन्हा बाटलीत बुडवली तर सारी बाटली मळते. काडी ओलसर करावी, ठिबकती नको. पट्टी जशी लांब आहे तशीच, आतून बाहेर, काडी ओढावी. आडवी घासली तर मळ दोन पट्ट्यांच्या मध्ये भरतो. पहिल्याच ओढीला कापूस काळा होतो आणि तो पाहून माणसाला आपण आजवर काय चालवले होते याची लाज वाटते. काडी फिरवावी, बदलावी, दोन्ही बाजूंनी करत राहावे. कापूस पांढरा येऊ लागला की थांबावे. मग दहा-पंधरा मिनिटे सावलीत वाळू द्यावे. पहिल्या खेपेला नाही चालली तर दुसरी खेप करावी, घाई करू नये. आमच्या टँकला तीन खेपा लागल्या.

लेबल मात्र सांभाळा. शर्टावरचा बॉलपेनचा डाग स्पिरिटने निघतो हे गृहिणींना माहीत आहे. हा द्रवही तेच करतो. माझ्या हातातल्या ओल्या काडीपासून दादाचे अक्षर दोन बोटांवर होते. मी आधी लेबलाचा फोटो काढून घेतला, त्यावर प्लॅस्टिकचा कागद बांधला, आणि कॅसेट तोंड खाली करून धरली, म्हणजे थेंब ओघळलाच तर लेबलाकडे जाऊ नये. पुतणी सबंध वेळ त्या कागदावर अंगठा दाबून बसली होती.

एवढ्यानेही काळा थर सुटला नाही तर पांढरे, मऊ, मुलांच्या कंपासपेटीतले खोडरबर दोन-चार वेळा हलक्या हाताने फिरवावे आणि चुरा झाडून पुन्हा आयपीएने पुसावे. शाई खोडायचे निळे खोडरबर घेऊ नये. त्यात बारीक वाळूसारखी पूड असते आणि ते माझ्या पॉलिशपेपरचे धाकटे भावंडच आहे. हिरवा कळंक दिसत असेल तर पांढऱ्या व्हिनेगरचा ओला कापूस त्या जागेवर मिनिटभर टेकवावा, लगेच बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने दोनदा पुसून घ्यावे, मग आयपीए. यासाठी डबी उघडावी लागते. नकली डब्यांना साधे स्क्रू असतात किंवा नुसत्या खाचा. जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून बळ करू नये. आतल्या काळ्या टिकल्याला नख लावायचे नाही.

आता तुम्ही म्हणाल, व्हिनेगर चालते तर चिंच का नको? आमसूल का नको? देवाची तांब्याची भांडी तर आम्ही त्यानेच घासतो! आमच्या वहिनींनीही हेच विचारले. खरे आहे, आंबट पदार्थ तांब्यावरचा काळा थर विरघळवतो, म्हणून भांडे उजळते. पण चिंचेच्या नि आमसुलाच्या कोळात मीठ असते, साखर असते, चोथा असतो. तो पट्ट्यांच्या फटीत राहतो आणि पुन्हा ओल धरतो. शिवाय भांडे जाड असते, दर वेळी थोडे झिजले तरी नातवंडांना पुरते. इथे झिजायला मायक्रॉनचा दहावा भागही नाही. त्याच न्यायाने राख, रांगोळी, टूथपेस्ट आणि भांड्यांचे पॉलिश वर्ज्य. रॉकेल आणि पेट्रोल तेलकट थर ठेवतात. थिनर आणि नखांचा रंग काढायचे पाणी डबीचे प्लॅस्टिकच विरघळवते. हात धुवायचे सॅनिटायझर दिसते तसलेच, पण त्यात ग्लिसरिन असते. आणि खोबरेल! आपल्या मुलखात केसांपासून कुलपापर्यंत सगळ्याला खोबरेल लावतात. कॅसेटीला लावू नका.

यंत्राची खाचही तेवढीच मळलेली असते, हे पुष्कळ जण विसरतात. जुन्या एटीएम कार्डासारख्या पातळ कार्डावर, धागे न सुटणारे जुने मलमलचे फडके एकपदरी गुंडाळावे, आयपीएने ओलसर करावे, आणि खाचेत चार-सहा वेळा सरळ घालून काढावे. जाड घडी कोंबली तर स्प्रिंगा पसरतात, मग त्या कॅसेटीला धरतच नाहीत. सुरी, सुई, हेअरपिन आत घालू नये.

परदेशी राहणाऱ्या आपल्या मंडळींची गोष्ट थोडी निराळी. माझ्या एका भाच्याने न्यू जर्सीत १९८५ सालच्या बनावटीचे अमेरिकन यंत्र हौसेने घेतले. त्याचा लाल दिवा मिचकत राहतो म्हणून त्याने मला फोन केला. त्या यंत्राच्या कॅसेटीला साठ नव्हे, बहात्तर पट्ट्या असतात, आणि आत पहारेकऱ्यासारखी एक चिप असते. कॅसेटीतल्या जोडीदार चिपेकडून तिला ओळख पटली नाही की ती यंत्र पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, म्हणून दिवा मिचकतो. कारण बहुधा मळकी पट्टी किंवा सैल स्प्रिंगच. त्याच्याकडच्या काही कॅसेटींत खेळाची प्रगती राखून ठेवणारी बटणासारखी बॅटरीही असते. ती संपली की राखलेली प्रगती जाते, पण खेळ जात नाही. आपल्या पिवळ्या कॅसेटींत बहुधा ती भानगड नसते.

आमच्या टँकचे काय झाले, ते सांगतो. पहिल्या खेपेनंतर करडा पडदा गेला आणि चाल सुरू झाली. आवाज आला, पण विटांच्या भिंतींच्या जागी नुसती नक्षी. म्हणजे चालीकडच्या पट्ट्या निघाल्या, चित्रांकडच्या राहिल्या. दुसऱ्या खेपेला भिंती उमटल्या, गरुड उमटला, फक्त आकडे तुटके. तिसऱ्या खेपेला सगळे जागेवर. खेळात दोघांनी मिळून आपला गरुड राखायचा असतो. पण आपली गोळी जोडीदाराला लागली तर तो क्षणभर लुळा पडतो, आणि चुकून आपल्याच गोळीने आपला गरुड उडतो. ते लेबलावर का लिहिले होते, हे पुतणीला पाच मिनिटांत कळले. वहिनी हात पुसत बाहेर आल्या, दुसरा रिमोट घेतला आणि पहिल्याच डावात मुलीचा टँक लुळा पाडला. उरलेल्या कॅसेटींपैकी दोन चालल्या, एक अजून अडते. काँट्रा चालली नाही. खाल्लेल्या पट्ट्यांवर बारीक तारा डाख देऊन जोडता येतात असे गुहागरचा तरुण म्हणतो. मी ती त्याच्याकडे ठेवून आलो आहे.

ठेवण्याबद्दल. वर्तमानपत्रात गुंडाळू नये. तो कागद ओल धरतो आणि काळानुसार आम्लही सोडतो. माळा चुलीच्या वर असेल तर धूर लागतो, तिथे ठेवू नये. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्यावा, प्रत्येक कॅसेट चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत घालावी, आणि नव्या चपलांच्या नि बॅगांच्या खोक्यांत सिलिका जेलच्या ज्या पुड्या येतात त्या फेकून न देता चार-पाच डब्यात टाकाव्यात. तांदूळ टाकू नयेत. कोंडा पडतो आणि पोरकिडे होतात. डबा बंद करायचा तो पावसाच्या आधी, कोरड्या दिवशी. सिलिका जेलच्या पुड्याही ओल पिऊन थकतात, म्हणून दिवाळीनंतर डबा एकदा उघडावा, जुन्या पुड्या काढून नव्या टाकाव्यात, आणि कॅसेटी एकेकदा यंत्रात खोचून चालवून पाहाव्यात.